बालकांचं दारिद्र्य: टक्का काढणं वेगळं, मूल शोधणं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि सुरगाणा या तीन तालुक्यांतल्या चाळीस पाड्यांवर तुमची छोटी संस्था काम करते. पुढच्या दोन वर्षांसाठी दोनशे मुलांपुरता निधी मिळाला आहे. निधी देणाऱ्यांची अट आहे, की ‘बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक’ लावून सर्वांत वंचित मुलं निवडा. मग नीती आयोगाचाच निर्देशांक घ्यावा का, आणि दोनशे नावं काढायची कशी?

उत्तर आधी देते, कारणं मागून. तो निर्देशांक अहवालाच्या पहिल्या पानावर जरूर घ्या. जिल्हा आणि राज्य कुठे आहे हे सांगायला तो बरा आहे. पण त्यातून तुमची दोनशे नावं निघणार नाहीत. टक्का काढणं हे एक काम, मूल शोधणं हे दुसरं. पहिल्याला नमुना पुरतो, दुसऱ्याला पाड्यावरचं एकूण एक मूल यादीत यावं लागतं. आणि बावीस वर्षं घरोघर प्रश्नावल्या भरून माझं मत असं झालंय, की मोठी चूक यादीतच होते. भारांक, म्हणजे कोणत्या बाबीला किती वजन, किती ठेवायचे, उंबरठा कुठे आखायचा यावर लोक तीन-तीन दिवस कार्यशाळा घेतात. घरातल्या माणसांची नावं लिहायचं काम मात्र दहा मिनिटांत उरकतात, आणि मूल सापडतं किंवा निसटतं ते नेमकं त्या दहा मिनिटांत.

नीती आयोगाचा निर्देशांक काय मोजतो ते आधी बघू. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन अंगांचे मिळून 12 निर्देशक. प्रत्येक अंगाला एक तृतीयांश वजन. राहणीमानात सात निर्देशक असल्यामुळे त्यातल्या एकेकाच्या वाट्याला एक एकविसांश येतो. ज्या कुटुंबाची वंचितता एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरते, ते कुटुंब बहुआयामी गरीब. पहिला अहवाल 2021 मध्ये आला, तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीवर आधारलेला होता. 2023 मध्ये दुसरा आला, तो पाचव्या फेरीवर. या दोन फेऱ्यांमध्ये देशातलं प्रमाण 24.85 टक्क्यांवरून 14.96 टक्क्यांवर आलं. महाराष्ट्राचं दुसऱ्या अहवालातलं प्रमाण 7.81 टक्के.

आता तुमच्या कामाच्या दृष्टीने त्याच्या अडचणी. सगळ्यात मोठी ही, की गरीब ठरतं ते कुटुंब. घरातलं कोणतंही एक मूल शाळेत जात नसेल तर अख्खं घर त्या निर्देशकात वंचित. घरातली एखादी बाई हडकुळी असेल तर पोषणात अख्खं घर वंचित. देशाचा हिशेब करताना यात गैर काही नाही. पण एका घरात दोन मुलं आहेत, मुलगा आश्रमशाळेत आठवीला आणि अकरा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी, तर निर्देशांकाच्या लेखी दोघं सारखीच गरीब. तुम्हाला मात्र मदत पोहोचवायची आहे ती तिला.

दुसरी अडचण नमुन्याची. पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली 6,36,699 घरं घेतली. भागाकार करा, जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं येतात. आपल्या जिल्ह्यात तालुके पंधरा. म्हणजे सरासरीने धरलं तर एका तालुक्याच्या वाट्याला साठेक घरं. त्या साठ घरांवरून सुरगाण्याबद्दल काही बोलणं म्हणजे भाताचं एक शीत चाचपून शेजारच्या गावची पंगत शिजली म्हणण्यासारखं. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचं घर आणि सुरगाण्यातल्या वरई-नागलीवाल्याचं घर एकाच सरासरीत बसतं, आणि ती सरासरी दोघांच्याही ओळखीची नसते.

तिसरी अडचण वयाची. या सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांची उंची-वजनं घेतात आणि पुढे पंधरा वर्षांवरच्यांची. मधली पाच ते चौदा वयाची मुलं वजनकाट्यावर चढतच नाहीत. म्हणजे शाळेच्या वयाचं उपाशी मूल पोषणाच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

चौथी अडचण तुमच्या पाड्यांवर सगळ्यात जड आहे. घराघरांतून होणारं सर्वेक्षण ‘या घरात नेहमी कोण राहतं’ असं विचारतं. आश्रमशाळेच्या वसतिगृहातलं मूल, वीटभट्टीवर आईबापांसोबत गेलेलं मूल, दुसऱ्याच्या घरी राबायला ठेवलेलं मूल या यादीत येत नाही, किंवा आलं तर सांगणाऱ्याच्या मर्जीने येतं.

2022 च्या सप्टेंबरात इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची गोष्ट तुम्ही वाचली असेल. दहा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला आणि मग उघड झालं, की त्या भागातली अनेक मुलं थोडक्या पैशांवर, कुठे एखाद्या मेंढीवर, नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. त्या वस्तीवर त्याआधी एकही सर्वेक्षण झालं नसेल, असं मला वाटत नाही. अंगणवाडीची गणना असते, शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम असते, आरोग्याची फेरी असते. पण मेंढरांमागे गेलेलं मूल घरात नसतं, आणि घरात नसलेलं मूल ‘नेहमी राहणाऱ्यां’त धरलं जात नाही. म्हणजे ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, तेच हिशेबाबाहेर. आकडा त्यामुळे सुधारलेलाच दिसतो. तुमची पद्धत अशा मुलापर्यंत पोहोचते का, हीच माझ्या लेखी तिची परीक्षा. बाकी सगळं नंतर.

निधी देणाऱ्यांना हिशेब तर हवाच असतो, म्हणून गणिताचा भाग सांगते. तो वाटतो तितका अवघड नाही. सबिना अल्काइर आणि जेम्स फॉस्टर यांची ही पद्धत, जगभर चालते, नीती आयोगही तीच वापरतो. तिच्यात दोन उंबरठे असतात. एक प्रत्येक बाबीचा: हे मूल पाण्याबाबत वंचित आहे की नाही. दुसरा एकूण: किती बाबींत वंचित असेल तर त्याला गरीब म्हणायचं. समजा एका पाड्यावर 20 मुलं आहेत आणि तुम्ही सहा बाबी धरल्या: आहार, आरोग्य, शिक्षण, पाणी आणि शौचालय, निवारा, संरक्षण. ठरवलं, की तीन किंवा जास्त बाबींत वंचित ते गरीब. अशी मुलं आठ निघाली. त्यातली चार तीन बाबींत वंचित, दोन चार बाबींत, दोन पाच बाबींत. गरिबांचं प्रमाण 20 पैकी 8, म्हणजे 40 टक्के. या आठ मुलांच्या वंचितता एकत्र मोजल्या तर 12 अधिक 8 अधिक 10, म्हणजे 30. जास्तीत जास्त होऊ शकल्या असत्या आठ गुणिले सहा, म्हणजे 48. 30 भागिले 48 ही तीव्रता, 62.5 टक्के. दोन्हींचा गुणाकार 0.25, हा निर्देशांक.

गुणाकाराची गंमत अशी. त्या आठातल्या एखाद्या मुलीची शाळा सुटली आणि ती तीनवरून चार बाबींवर गेली, तर गरिबांचं प्रमाण जिथल्या तिथे, 40 टक्केच. नुसतं प्रमाण बघणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही. तीव्रता मात्र 64.6 टक्के होते आणि निर्देशांक 0.258. आधीच खाली असलेलं मूल आणखी खाली गेलं हे आकड्यात उमटतं. दोन वर्षांनी ‘काय बदललं’ असा प्रश्न येईल तेव्हा हेच कामाला येईल, कारण तुमच्या मदतीने पाच बाबींवरचं मूल चारवर आलं तरी ते ‘गरीब’च राहणार, पण आकडा हलणार.

कुटुंबाऐवजी मूल हे एकक धरायचं आणि वयाप्रमाणे निकष बदलायचे, ही युनिसेफच्या ‘मोडा’ पद्धतीची रीत. ती उचला. दीड वर्षाच्या बाळाला शाळेचा निकष लावून उपयोग नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलीला गोवराच्या लशीचा. मी चार गट करते: तीन वर्षांखालची, तीन ते सहा, सहा ते चौदा आणि पंधरा ते सतरा. शेवटच्या गटाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षी संपतो आणि अंगणवाडीचा लहान मुलांशी संबंध सहाव्या वर्षी. या वयाच्या मुलींचं काय होतं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आहे: महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांची लग्नं अठरा वर्षांआधी झालेली. पंधरा ते सतराच्या गटात ‘शिक्षण सुटलं’ आणि ‘लग्नाची बोलणी’ हे दोन निकष असलेच पाहिजेत.

भारांकांचा वाद करत बसू नका. सगळ्यांना सारखं वजन द्या आणि पुढे चला.

निकष निवडताना एक पथ्य पाळा. जो निकष सगळ्यांना लागू पडतो किंवा कोणालाच पडत नाही, तो मुलं ओळखायला निरुपयोगी. बँक खातं हे उदाहरण. 2014 मध्ये जनधन आल्यापासून खातं नाही असं घर शोधावं लागतं, त्यात पैसे नसतात ती गोष्ट वेगळी. गॅसचंही तसंच. उज्ज्वलाची टाकी घरात असते, तिच्यावर दुरडी ठेवलेली असते आणि स्वयंपाक चुलीवर. उलट कुडाची भिंत किंवा लाकडाची चूल हा निकष लावला तर पाड्यावरचं प्रत्येक घर वंचित. नीती आयोगाला राज्याराज्यांची तुलना करायची आहे, त्याला हे निकष लागतात. तुम्हाला एका पाड्यावरच्या तीस मुलांमधला फरक बघायचा आहे. आधी दोन पाड्यांवर सगळे निकष लावून बघा आणि जो निकष जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच देतो तो काढून टाका.

पाण्याबद्दल विचारताना महिना विचारा. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. तिथेच एप्रिल-मे महिन्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. जुलैत प्रश्नावली नेलीत आणि ‘पाणी कुठून आणता’ विचारलंत तर ‘दारात’ असं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल. ‘होळीनंतर पाणी कुठून आणता, जायला-यायला किती वेळ लागतो, आणि आणतं कोण’ असं विचारा. शेवटचा तुकडा महत्त्वाचा. हंडा आणायला रोज दीड तास जाणारी मुलगी शाळेत उशिरा पोहोचते, मग जाणं कमी होतं.

शाळेबद्दल ‘शाळेत जातो का’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर कायम ‘जातो’. पटावर नाव असतं, मास्तरांनाही ते टिकवायचं असतं. 4 जुलै 2015 ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं होतं, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची अशी रीत होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, सगळी माणसं गावात. बहुतेक मुलं शाळेच्या पटावर. दिवाळीनंतर तीच घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर, वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीला गेलेली असतात, त्याचा त्या शाईला पत्ता नव्हता. तुम्ही असं विचारा: ‘मागच्या आठवड्यात शाळा किती दिवस भरली, त्यातले किती दिवस हा गेला? दिवाळीच्या सुट्टीनंतर आश्रमशाळेत परत कधी गेला?’ आणि सहा-सात वर्षांवरच्या मुलासमोर दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद ठेवा. सातवीतलं मूल तो वाचू शकलं नाही, तर पटावरच्या नावाला तुम्ही काय किंमत द्यायची ते तुमचं तुम्हाला कळेल.

वय हे आणखी एक दुखणं. जन्माची नोंद नसते, आधारवर एक जानेवारी घातलेली असते, आणि विचारलं तर पाच, आठ, दहा, बारा असे गोल आकडे येतात. मी घटनांची दोरी वापरते. मागच्या सिंहस्थाच्या आधीचा की नंतरचा? म्हणजे 2015. नोटाबंदी झाली तेव्हा रांगत होता की चालत होता? 2016. करोनाची टाळेबंदी लागली तेव्हा पोटात होता की अंगावर पीत होता? 2020. मग महिना काढायला भाताची आवणी, झोडणी, पोळा, बोहाड्याचा मुखवट्यांचा उत्सव. लहान मुलांत तीन-चार महिन्यांची चूक झाली तरी उंचीवरून काढलेली श्रेणी बदलते. म्हणून वयाचा भरवसा नसेल तिथे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडघेराच्या पट्टीवर विसंबा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषित, साडेबारापर्यंत मध्यम. पट्टी अंगणवाडीत असते, आणि ताई शिकवतातही नीट.

अपंगत्वाबद्दल ‘घरात कोणी अपंग आहे का’ असं विचारलंत तर दहापैकी नऊ वेळा ‘नाही’ येईल. लाजेपोटी म्हणा, किंवा त्या घरच्यांना तो शब्द आपल्या मुलाला लागू आहे असं वाटतच नाही म्हणून. एका घरी मला ‘नाही’ सांगितलं आणि माझ्या मागे भिंतीला टेकून पाच वर्षांची मुलगी बसलेली होती. मी निघेपर्यंत ती उठली नाही. तेव्हापासून मी विचारते: ‘याच्या वयाच्या बाकीच्या पोरांच्या मानाने याला चालायला, ऐकायला, बघायला, बोललेलं समजायला जास्त त्रास होतो का?’ एकेक क्रिया वेगळी विचारायची. वॉशिंग्टन ग्रुप आणि युनिसेफने मुलांसाठी तयार केलेली प्रश्नमाला याच धर्तीची आहे, तिचं मराठी तुम्ही पाड्याच्या बोलीत करून घ्या.

आता यादीकडे येते, कारण सगळी मदार तिच्यावर.

पाड्यावर गेल्यावर प्रश्नावली पिशवीतच ठेवा. पहिल्या दिवशी एखाद्या अंगणात रांगोळीने पाड्याचा नकाशा काढायला बायांना सांगा. एकेक घर, एकेक चूल. काढून झाला, की विचारा, ‘ओढ्यापलीकडे कोणी राहतं का?’ ‘शेतावर झाप टाकून कोणी आहे?’ माझा अनुभव असा, की पहिल्या नकाशात कातकऱ्यांची चार-पाच झोपडी बहुतेक वेळा नसतात. मुद्दाम लपवत नाहीत. कोकणा किंवा महादेव कोळी बायांच्या मनातल्या ‘आपल्या पाड्या’त ती नसतात, एवढंच. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, हे शासनाच्या कागदावर आहे. पाड्याच्या नकाशात तीच सुटते.

मग घराघरात नावं. इथे ‘घरात किती माणसं’ असं विचारायचं नाही. आईला विचारायचं, ‘बाई, तुम्हाला पोरं किती झाली? त्यातली आता किती आहेत? एकेकाचं नाव सांगा, आणि ते आज रात्री कुठे झोपणार ते सांगा.’ हा ‘आज रात्री कुठे’ प्रश्न मी एका म्हाताऱ्या आशाताईकडून शिकले, कुठल्या पुस्तकातून नाही. त्यातून आश्रमशाळा निघते, मामाचं घर निघतं, भट्टी निघते. आणि कधीकधी बाई गप्प होते. तिथे पेन खाली ठेवायचं. नाव लिहून कोपऱ्यात एक खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी एकटीने परत जायचं, सोबत कोणी न घेता.

उलटं पण विचारायचं: ‘या घरात असं कोणी मूल राहतं का, जे तुमच्या पोटचं नाही?’ आजीकडे ठेवलेली, आई दुसरं लग्न करून गेलेली, बाप गेलेला अशी मुलं त्यात येतात.

आणि कुलूपबंद घरं. प्रश्नावलीवर ‘घर बंद’ असा शेरा मारून पुढे जाण्याची पद्धत आहे. तुमच्यासाठी घर बंद असणं हीच माहिती आहे. शेजारणीला विचारा कुठे गेले, किती दिवसांसाठी, उचल कोणाकडून घेतली, पोरं सोबत नेली का मागे ठेवली. सोबत नेलेल्या मुलांची यादी वेगळी ठेवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत ती घेऊन भट्ट्यांवर आणि बागांवर जा. एकदा गेलं की पुष्कळ काही आपोआप दिसतं, विचारावं लागत नाही.

यादी पक्की झाली, की सहा बाबींचं गुणांकन करा. पण दोनशे नावं केवळ गुणांवर ठरवू नका. वंचितता मोजणं म्हणजे आजचा फोटो. उद्या काय घडणार हे त्यात येत नाही. चार बाबींत वंचित पण दोन्ही पालक जवळ असलेलं मूल, आणि दोनच बाबींत वंचित पण बापाने भट्टीवाल्याची उचल घेऊन ठेवलेली मुलगी, यात जास्त असुरक्षित कोण हे गुण सांगत नाहीत. म्हणून मी गुणांच्या बाजूला लाल खुणांचा वेगळा रकाना ठेवते. दुसऱ्याच्या घरी किंवा जनावरांमागे राबायला ठेवलेलं मूल. तीव्र कुपोषित बाळ. लग्नाची बोलणी चाललेली अल्पवयीन मुलगी. दोन्ही पालक नसलेलं, किंवा असून सहा महिन्यांत घरी न आलेले. अपंगत्व असून कुठल्याही उपचारात नसलेलं. यातली एकही खूण लागली, की गुण कितीही कमी असोत, मूल यादीत वर. बेरीज नाही, सरासरी नाही. निधी देणाऱ्यांतला एखादा संख्याशास्त्रज्ञ नाक मुरडेल. त्याला सांगा, की दवाखान्यात रांग असते तरी साप चावलेल्याला पुढे घेतात.

जुन्या लोकांना 2002 चं दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण आठवत असेल. 13 निकष, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. कपडे किती जोड, जेवण किती वेळ असे प्रश्न होते. एका गावात मी पाहिलंय, ज्याच्या ओसरीवर बसून फॉर्म भरले त्याचे गुण कमी आले आणि ओसरीवर यायची हिंमत नसलेल्याचे जास्त. तिथे कमी गुण म्हणजे जास्त गरीब. गुणांची बेरीज बिनचूक होती, हे विशेष. यातून मी घेतलेला धडा असा, की यादी एकदा पाड्यासमोर वाचावी, पण अर्धीच. घरबांधणी, पाणी, शाळा यांची माहिती सगळ्यांसमोर तपासता येते आणि लोक चुका दाखवतात, ‘अहो त्यांच्याकडे नळ आलाय की’. लाल खुणा मात्र कधीही सभेत वाचायच्या नाहीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायच्या नाहीत, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या नाहीत. त्या अंगणवाडीताई, आशाताई आणि तुमची एक जबाबदार बाई एवढ्यांतच राहू द्या. ताई एकाच पक्षाच्या किंवा एकाच भावकीच्या असतील तर आश्रमशाळेतली अधीक्षिका किंवा किराणा दुकानवाली, अशी आणखी एक साक्ष काढा. उधारीच्या वहीला पाड्याचे हाल प्रश्नावलीच्या आधी कळतात.

आणि हे निक्षून सांगते. राबायला ठेवलेलं किंवा मारहाणीच्या खुणा असलेलं मूल सापडलं तर ती ‘माहिती’ नाही. सर्वेक्षण तिथे थांबलं. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन आणि बाल कल्याण समिती. दंडघेर साडेअकराच्या खाली निघाला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, अहवाल लिहून होईपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या मुलींना घरोघर पाठवण्याआधी हे फोन कोण करणार ते नावानिशी ठरवा. नाहीतर बावीस-तेवीस वर्षांची पोर रात्री मुक्कामाला येऊन रडते आणि दुसऱ्या दिवशी काम सोडते. तिची चूक नसते.

दोनशेची मर्यादा आहे, म्हणून एक युक्ती. लाल खुणांच्या मुलांतली काही शासनाच्या योजनेत बसतात. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्यांना बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह मागता येतं. कागद जमवायला महिने जातात, पण एक माणूस तेवढ्याच कामाला लावलात तर तीस-चाळीस मुलं तिकडे वळतील आणि तुमच्या दोनशेत तितक्या जागा मोकळ्या होतील. निधी देणाऱ्यांना हा खर्च ‘प्रशासकीय’ वाटतो. भांडून मंजूर करून घ्या.

वेळापत्रकाचं सांगून थांबते. नकाशा आणि नावं पोळ्यानंतर सुरू करा, तोवर आवणीची घाई संपलेली असते आणि बाया घरी भेटतात. गुणांकन दसऱ्यापर्यंत. बाहेर जाणाऱ्या घरांच्या गाठी मात्र दिवाळीआधीच घ्या, फराळ आटोपला की मुकादमाची गाडी येते आणि दोन दिवसांत निम्म्या पाड्याला कुलपं लागतात.